कव्हरवरचं वय आणि आतलं पान

मुलांच्या पुस्तकांविषयी आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत, प्रश्न मात्र तसेच ठेवले आहेत.

माझा मुलगा दुसरीत आहे, मराठी शाळेत. अक्षरं सगळी येतात, पण एकेक अक्षर सुटं लावत जातो आणि वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरतो. प्रदर्शनातून ‘वयोगट ६ ते ८’ असं छापलेली चार पुस्तकं आणली. एकही पुरं झालं नाही. त्याला नवीन कोणती आणू?
*एक आई, सांगली*

आधी त्या चार पुस्तकांबद्दल. ती टाकून देऊ नका. कव्हरवरचा वयोगट एवढंच सांगतो की गोष्ट साधारण कोणत्या वयाला आवडेल. मूल ती आपली आपण वाचू शकेल का, हे आतलं पान उघडल्यावरच कळतं. ती चारही पुस्तकं तुम्ही वाचून दाखवा, तो मजेत ऐकेल.

त्याच्या हातात द्यायचं पुस्तक घेताना दुकानातच मधलं पान उघडा आणि जोडाक्षरं मोजा. ‘घर’, ‘पाणी’, ‘चिमणी’ हे शब्द त्याला वाचता येतात. ‘आश्चर्य’, ‘दृष्टीस’, ‘पुष्कळ’ यांपाशी डोळा थांबतो, कारण अर्ध्या अक्षराचं रूप बदलतं. एकट्या ‘र’चंच बघा: ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘चक्र’मध्ये पोटातली तिरपी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी छपरासारखा येतो आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी वेगळा दिसतो. चार खुणा, आवाज एकच. हे सवयीने जमतं, पण एका ओळीत अशी तीन-चार वळणं आली की मूल थकतं. ओळीत एखादं जोडाक्षर असेल तर ठीक.

मग ओळ बघा. सुरुवातीच्या वाचकाला ओळीत पाच-सहा शब्द पुरतात आणि वाक्य शक्यतो त्याच ओळीत संपावं. ओळीच्या टोकाला शब्द तोडून पुढचा तुकडा खाली ढकललेला असेल, तर ते पुस्तक अजून त्याचं नाही. अक्षर शिरोरेषेपासून खालपर्यंत निदान ४ मिलिमीटर उंच हवं. पट्टी जवळ नसेल तर त्याचं पाठ्यपुस्तक शेजारी धरून बघा.

अक्षराच्या वळणाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी लिपीची प्रमाण वळणं ठरवली. त्यात ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा आहे, शाळेत तेच शिकवतात. पण हिंदीसाठी केलेल्या टंकात (फॉन्टमध्ये) छापलेल्या मराठी पुस्तकांत दंडाचा, म्हणजे उजवीकडे उभी रेघ असलेला ‘ल’ आणि शेंडीचा ‘श’ सापडतो. मूल ‘लाल’ या शब्दाशी अडतं, आपल्याला वाटतं याला एवढंही येत नाही. प्रत्यक्षात ते अक्षर त्याने कधी पाहिलेलंच नसतं. दोन्ही वळणं एकदा कागदावर शेजारी शेजारी काढून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

भाषा ऐकून बघा. मूल घरी ‘मुलं’, ‘केलं’, ‘झालं’ बोलतं. वाचताना ते अर्धं डोळ्याने आणि अर्धं कानाने पुढे जातं, पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज कान बांधतो. पानावर ‘मुले’, ‘केले’, ‘झाले’ आलं की तो अंदाज चुकतो. पाठ्यपुस्तकात ही रूपं येतातच आणि ती यायलाही हवीत. घरी वाचायच्या पहिल्या वीस-पंचवीस पुस्तकांची भाषा मात्र बोलीच्या जवळची असावी.

शेवटची परीक्षा त्यालाच देऊ द्या. साधारण ५० शब्दांचं पान वाचायला सांगा. शब्द अडला की तुम्ही आपल्या हाताचं एक बोट दुमडा. एक-दोन बोटं दुमडली, तर पुस्तक त्याचं. तीन-चार दुमडली, तर तुम्ही शेजारी बसून वाचायचं. मूठ मिटली, तर वाचून दाखवायचं.

‘प्रथम बुक्स’च्या पुस्तकांवर १ ते ४ अशा पातळ्या दिलेल्या असतात. तुमच्या मुलाला पहिल्या पातळीची पाच-सहा द्या आणि मग दुसऱ्या पातळीकडे वळा. पातळी वयावर नाही, वाचनावर ठरवलेली आहे, त्यामुळे दुसरीतल्या मुलाने पहिली पातळी वाचण्यात काहीच कमीपणा नाही. ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका आणि नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिका यांतूनही निवडता येईल. माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा छोट्या पुस्तकांचा संच नवीन नाही, पण घरातल्या माणसांविषयी असल्यामुळे या टप्प्यावर जवळचा वाटतो.

घरी एक चूक टाळा. शब्द अडला की ‘क ला काना का…’ असं फोडून वाचायला लावू नका. मनात तीन आकडे मोजा, तरी नाही आलं तर अख्खा शब्द सांगा आणि पुढे जाऊ द्या. अर्थाचा धागा तुटला की मूल पुस्तक मिटतं. तेच पुस्तक चौथ्यांदा मागितलं तर आनंदाने द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच शब्द सुटा न लागता अख्खा ओळखू येऊ लागतो.

मुलगा १० वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी शिकतो. मराठी पुस्तक दिलं की ‘हे लहान मुलांचं आहे’ म्हणतो, मोठं दिलं की वाचता येत नाही.
*एक वडील, बंगळूरु*

त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याची समज पाचवीची आहे आणि मराठी वाचनाचा वेग दुसरीचा. ससा-कासवाची गोष्ट त्याला पोरकट वाटणारच. गोष्टी काही दिवस बाजूला ठेवा आणि तुकड्यांत वाचता येईल असं द्या: कोडी, विनोद, चित्रकथा, प्राण्यांविषयीची माहिती, प्रयोगांची कृती. चित्राखालच्या दोन ओळी वाचल्या तरी काहीतरी पुरं वाचल्याचं समाधान मिळतं. ‘किशोर’ मासिक यासाठी चांगलं आहे. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. चार अंक चाळू द्या, निवड त्याला करू द्या.

हिंदी येत असल्यामुळे अक्षरांचा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. अडचण येते ती उच्चारांत. हिंदीत ‘च’ एकच, मराठीत दोन. ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही आहेत: पहिला ‘चहा’तला, शेवटचा ‘चूल’मधला. तसंच ‘जय’ आणि ‘जग’. लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून तो सगळे शब्द हिंदीच्या चालीवर वाचतो आणि स्वतःच्याच बोलण्यातला ओळखीचा शब्द त्याला ओळखू येत नाही. ‘केलं’वरचा अनुस्वार तो ‘केलम्’ असा वाचेल. ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ नवीन असतील. हे नियम पाठ करून घेऊ नका. पहिला महिना रोज १५ मिनिटं तुम्ही वाचा, त्याने शेजारी बसून ओळीवर नजर ठेवायची. दुसऱ्या महिन्यात एक पान तुमचं, एक त्याचं. त्याने ‘चूल’ चुकीची वाचली की तुमच्या पुढच्या वाक्यात तो शब्द बरोबर येऊ द्या, तेवढं पुरतं.

शब्दांचीही अडचण येईल. ओसरी, माजघर, रहाट, मोट हे शब्द फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला परक्या भाषेइतकेच दूर असतात. एका पानावर असे पाच आले तर गोष्ट हरवते. सुरुवातीला आजच्या शहरात, शाळेत, सोसायटीत घडणारं लिखाण घ्या. ओसरी नंतर येईल.

मुलगी १३ वर्षांची. फास्टर फेणे, बोक्या सातबंडे सगळं दोनदा वाचून झालं. अलीकडच्या काळातली चांगली पुस्तकं सांगा. पुरस्कार मिळालेली घ्यावीत का?
*एक वाचक, नाशिक*

पुरस्कारांची यादी सुरुवात करायला चांगली आहे. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार देते. मराठीतले अलीकडचे चार असे: २०२२ संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२३ एकनाथ आव्हाड यांचा ‘छंद देई आनंद’, २०२४ भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’, २०२५ सुरेश सावंत यांचा ‘आभाळमाया’. यांतल्या ‘पियूची वही’ आणि ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबऱ्या आहेत, बाकीचे दोन कवितासंग्रह. साहसकथा दोनदा वाचणाऱ्या मुलीला आधी ‘समशेर’ द्या. त्याआधीच्या वर्षांत ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’ (२०१७), सलीम मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९) आणि संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’ (२०२१) याही कादंबऱ्याच आहेत. या सात नावांवर तिचे तीन-चार महिने जातील.

यादी वापरताना एवढं लक्षात घ्या. ‘बालसाहित्य’ या एकाच शब्दात सहा वर्षांच्या मुलाची कविता येते आणि चौदा वर्षांच्या मुलीची कादंबरीही. पुरस्कार वयाप्रमाणे दिलेला नसतो. शिवाय निवड आधीच्या काही वर्षांत निघालेल्या पुस्तकांतून होते, म्हणजे पुरस्काराचं वर्ष आणि पुस्तकाचं वर्ष वेगळं. पुस्तक खरंच नवीन आहे का, हे पाहायचं तर मुखपृष्ठ बघू नका. आतलं प्रकाशनाचा तपशील असलेलं पान उघडा आणि ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांपुढची तारीख वाचा. तिथे फक्त ‘पुनर्मुद्रण’ असेल किंवा ‘या प्रकाशनाची पहिली आवृत्ती’ असं असेल, तर जुन्या मजकुराला नवं कव्हर चढवलेलं असण्याची शक्यता मोठी. जुनं म्हणून ते वाईट ठरत नाही, पण नवीन हवं होतं आणि घरात असलेलंच पुन्हा आलं, असं होऊ नये.

तेरा ते सोळा या वयासाठी मराठीत मुद्दाम लिहिलेलं कमी आहे, ही उणीव मान्य करायलाच हवी. या वयात मुली-मुलगे मराठी सोडून इंग्रजीकडे जातात त्याचं हेही एक कारण. म्हणून या वयात थोडं मोठ्यांच्या कपाटाकडेही वळा. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा मोठ्यांसाठी लिहिलेल्या असल्या, तरी बोलणारा मुलगा तिच्याच वयाच्या आसपासचा आहे. ‘वनवास’पासून सुरुवात करा. सीमाभागातली कानडीचा स्पर्श असलेली मराठी पहिल्या दहा पानांत अडते. ती पानं तुम्ही मोठ्याने वाचा, मग लंपनचा सूर तिच्या कानात बसतो आणि पुढचं ती सोडणार नाही.

आमची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ४१. ग्रामस्थांनी वाचन कोपऱ्यासाठी ५००० रुपये दिले आहेत. मागच्या वेळच्या पुस्तकांची पानं पहिल्या पावसाळ्यातच सुटली.
*एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा*

पैसे एकदम खर्च करू नका. जूनमध्ये ३००० ची पुस्तकं घ्या, दिवाळीनंतर १५००, उरलेले ५०० दुरुस्तीला. ‘१०१ गोष्टी’ छापाचे जाड ग्रंथ टाळा, कारण जाड पुस्तक एका वेळी एकाच मुलाच्या हातात असतं आणि लहानाला ते उचलवतही नाही. बरीचशी पातळ चित्रपुस्तकं १०० रुपयांच्या आत मिळतात, म्हणजे पहिल्या खेपेत तीसेक तरी येतील. त्यांतली निम्मी पहिली-दुसरीच्या वाचनाची असू द्या. दोन पुस्तकांच्या चार-चार प्रती घ्या, म्हणजे चार मुलं गोल बसून एकच गोष्ट वाचू शकतील.

देवघेवीच्या वहीत तारीख, पुस्तकाचा क्रमांक आणि नाव यांच्यापुढे आणखी एक रकाना आखा: ‘पुरं वाचलं / मध्येच सोडलं’. दिवाळीनंतरची खरेदी या रकान्यावरून करा. सहा मुलांनी मध्येच सोडलेलं पुस्तक बहुतेक वेळा अवघड असतं. ते तुम्ही वर्गात वाचून दाखवा.

आता पानं का सुटतात ते. पातळ पुस्तकांना मधोमध दोन पिना असतात. कोकणातल्या दमट हवेत त्या गंजतात, गंज भोवतालचा कागद खातो आणि मधला ताव आधी निसटतो. म्हणून पुस्तक नवं असतानाच पिना काढून दोऱ्याने शिवा. बोथट सुरीने पिना उचला. मधल्या घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक बरोबर मध्ये आणि दोन वरच्या-खालच्या कडेपासून दोन-दोन बोटं आत. पिनांच्या जुन्या भोकांतून शिवू नका, तिथला कागद आधीच कमजोर असतो. गोधडीचा जाड दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, बाहेरून वरच्या भोकात आत घ्या, आतून थेट खालच्या भोकात बाहेर काढा आणि परत मधल्या भोकातून आत आणा. दोऱ्याची दोन्ही टोकं आता आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. त्या टाक्यावरून घट्ट गाठ मारा. टोकं एकाच बाजूला आली तर गाठ टाका धरत नाही आणि शिवण ढिली राहते. हात बसला की एका पुस्तकाला दहा मिनिटं लागतात. चौथीची मुलं हे छान करतात. दाभण मात्र तुमच्याच हातात राहू द्या.

गोंदाने चिकटवलेल्या जाड पुस्तकांचं वेगळं. नवं पुस्तक मधोमध उघडून टेबलावर दाबलं की कण्याचा गोंद तडकतो आणि तिथूनच पानं गळायला लागतात. कणा टेबलावर टेकवा, सुरुवातीची सात-आठ पानं उघडून घडीवर बोट फिरवा, मग शेवटची सात-आठ, असं करत मधोमध या. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, सुकून गळते आणि तिचा चिकटपणा शेजारच्या पानांना धरतो. अर्धा सेंटिमीटर रुंदीची पातळ कागदाची पट्टी फेविकॉलने लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. बाइंडरकडे दिलंत तर चिकटवायच्या खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) आहे का ते विचारा. वाळवी, झुरळं लागू नयेत म्हणून तो घालायची पद्धत आहे, पण तो विषारी आहे आणि पहिलीतली मुलं पुस्तकाचा कोपरा तोंडात घालतात.

मांडणीला कपाट नको. मुलांच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधा आणि पातळ पुस्तकं मधल्या घडीवर तिच्यावर टाका. कव्हर दिसलं तरच मूल हात घालतं. पावसाळ्यात ही सुतळी बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या भिंतीला घ्या.

‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य उतरवता येतात आणि तिथल्या परवान्याप्रमाणे छापताही येतात. लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं असलेलं पान तेवढं गाळू नका. १६ पानी गोष्ट ए-फोरच्या चार कागदांत दोन्ही बाजूंनी बसते. छपाईत ‘बुकलेट’ निवडा आणि कागद आखूड बाजूने उलटेल असं ठेवा. लांब बाजूने उलटला तर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं राहतील. तिथे मुलांना गोष्टीचं चित्र काढू द्या.

भाषांतरित पुस्तकं खूप दिसतात. घ्यावीत का? चांगलं भाषांतर कसं ओळखायचं?
*एक आजी, पणजी*

जरूर घ्या. दोन परिच्छेद मोठ्याने वाचा, कान सांगतो. एक खूण हमखास सापडते: ‘सीमाने तिच्या आईला हाक मारली.’ मराठीत आपण ‘आपल्या आईला’ किंवा नुसतं ‘आईला’ म्हणतो. ‘तिच्या’ म्हटलं की मूल विचारतं, कुणाच्या? दुसरी खूण, प्रत्येक नामाआधी ‘एक’: ‘एका दिवशी एक मुलगा एका झाडाखाली…’ तिसरी, ‘केलं गेलं’, ‘दिलं गेलं’. पहिल्या दोन पानांत या तिन्ही दिसल्या तर पुस्तक परत ठेवा. चांगलं भाषांतर कसं वाचलं जातं ते पाहायचं असेल, तर चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेलं, नॅशनल बुक ट्रस्टचं ‘तोत्तोचान’ हे मूळ जपानी पुस्तक बघा. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना ते द्या, त्याहून लहानांना वाचून दाखवा.

भाचीची दृष्टी फार कमी आहे, वय ९. गोष्टींची तिला अतिशय आवड आहे. छापील अक्षर दिसत नाही.
*एक मामा, सोलापूर*

‘सुगम्य पुस्तकालय’ हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय खास यासाठीच आहे. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना तिथे नोंदणी करून अनेक भारतीय भाषांतली पुस्तकं ऐकता येतील अशा आणि ब्रेलच्या स्वरूपात मिळतात. नोंदणीला अपंगत्वाचा दाखला लागतो, तो तयार ठेवा. थोडी दृष्टी असेल तर मजकूर पडद्यावर मोठा करून, काळ्यावर पिवळी अक्षरं घेऊन बघा. काही मुलांना पांढऱ्यावर काळ्यापेक्षा ते सोपं जातं. चित्रपुस्तक वाचून दाखवताना चित्रात काय आहे तेही सांगा, आणि मजकुराआधी सांगा. गोष्टीतली गंमत पुष्कळदा चित्रातच असते, मांजर टेबलाखाली लपलंय हे शब्दांत आलेलंच नसतं. ती ब्रेल शिकत असेल तर कानाने ऐकणं आणि बोटांनी वाचणं दोन्ही चालू ठेवा. नुसतं ऐकणाऱ्या मुलीला शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ कधीच भेटत नाही.